नोटिशीचं उत्तर

नोटीस मी तिला पुस्तक वाचते तशीच वाचून दाखवली. स्वल्पविरामाला थांबून, घाई न करता. कलावती समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसली होती. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली, मान किंचित डावीकडे झुकलेली. तिचा उजवा कान जास्त चांगला होता.

"'सदर पुस्तकाचे ध्वनिमुद्रण आमच्या अशिलाची कोणतीही पूर्वपरवानगी न घेता आपण बेकायदेशीरपणे केले असून, त्याच्या प्रती वितरित केल्या आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सर्व प्रती नष्ट करून लेखी माफी न मागितल्यास...'"

"थांबा आक्का. 'कोणतीही पूर्वपरवानगी न घेता' असंच आहे ना?"

"असंच आहे."

"आणि पुढं 'बेकायदेशीरपणे'?"

"हो."

ती हसली. मला त्या हसण्याचा रागच आला. सकाळी पोस्टमनच्या वहीत सही केल्यापासून मी ती नोटीस चारदा वाचली होती, आणि ही बाई हसत होती.

"या दोन गोष्टी एकमेकाला चिकटत नाहीत," ती म्हणाली. "परवानगी घेतली नाही, हे खरं. बेकायदेशीर, हे खोटं."

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या जानेवारीतली. इचलकरंजीतल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात मी तेव्हा नऊ वर्षं नोकरीला होते, हंगामी म्हणून. देवघेवीच्या टेबलावर दुपारपर्यंत बसायचं, आणि दुपारनंतर मागच्या खोलीत 'बोलकी पुस्तकं' करायची. म्हणजे अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून संगणकावर भरून ठेवायची. खोलीला आम्ही जुन्या गाद्या आणि गोणपाट ठोकलं होतं, तरी मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट आत यायचीच. माझ्या प्रत्येक पुस्तकामागं ती आहे. वाचक म्हणायचे, बिरनाळे बाईंचं पुस्तक लगेच ओळखू येतं, मागं माग चालू असतोय.

कलावती तेरदाळे आमची सगळ्यात नेटाची वाचक. तेव्हा एकोणतीस वर्षांची. वडील मागावर कामाला, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिसऱ्या वर्षी गोवरात दोन्ही डोळे गेले. गावातल्या एका कॉलेजात ती टेलिफोन ऑपरेटर होती. पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला जाऊन सकाळचं लॉ कॉलेज करायची आणि बाराच्या आत परत येऊन बोर्डावर बसायची. तिसरं वर्ष चालू होतं. पुराव्याच्या कायद्याचा पेपर मागं राहिला होता, कारण त्या विषयाचं चांगलं मराठी पुस्तक एकच, सातशे पानांचं, आणि ते फक्त छापील. तिचा संगणक इंग्रजी तेवढं वाचून दाखवायचा. मराठी छापील पान त्याला दगडासारखं.

म्हणून ते पुस्तक मी वाचायला घेतलं. एकोणीस प्रकरणांपैकी अकरा झाली होती. मधेच एका वर्तमानपत्रानं आमच्या खोलीवर कौतुकाचं चौकटभर लिहिलं, फोटो छापला. फोटोत माझ्या हातात तेच पुस्तक होतं, कव्हर स्पष्ट दिसत होतं. पुण्याच्या प्रकाशकानं तो बघितला असणार. तीन आठवड्यांनी नोटीस आली.

"दीड वर्ष झालं कॉपीराइटचा कायदा बदलून," कलावती म्हणाली. "कलम बावन्न. पोटकलम झेड-बी. ज्याला छापील वाचता येत नाही, त्याच्यासाठी कुणीही, कुणीही हां आक्का, पुस्तक त्याला जमेल त्या रूपात करून देऊ शकतंय. ब्रेल असो, आवाज असो. नफा कमवायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, एवढीच अट. मालकाला विचारायची गरजच नाही."

"पण विचारलं असतं तर बरं दिसलं असतं."

"कुणाला?"

मी नोटिशीची घडी घातली.

"तुम्ही घाबरायलाय," ती म्हणाली. "आपण उत्तर लिहू. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

चार दिवस आम्ही ते उत्तर लिहीत होतो. ती बोर्डावरची ड्यूटी संपवून साडेपाचला यायची. पाटीवर टोचून आणलेले ब्रेलचे जाड कागद मांडीवर ठेवायची, बोटं फिरवत एकेक वाक्य सांगायची, मी टाइप करून परत वाचून दाखवायची. एखादा शब्द तिला खटकला की ती तोंड कडू झाल्यासारखं करायची.

"'आमचे नम्र म्हणणे' काढा. नुसतं 'आमचे म्हणणे' ठेवा."

"नम्र असलं तर काय बिघडलं?"

"आपण काही मागत नाही त्यांच्याकडं."

पाच मुद्दे होते. कायद्याचं कलम काय म्हणतं. ग्रंथालय कुणाकडून एक पैसाही घेत नाही. प्रती फक्त नोंदणी केलेल्या एकतीस अंध सभासदांना जातात, त्यांचे दाखले दप्तरी आहेत. या पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिप्रत प्रकाशकानं स्वतः काढलेली नाही. आणि शेवटचा, ज्यावर ती दोन संध्याकाळ घालवून बसली: परवानगी न मागणं हा लेखकाचा किंवा प्रकाशकाचा अपमान नाही, जिथं कायद्यानंच दार उघडं ठेवलंय, तिथं दार वाजवायची सक्ती करता येत नाही.

शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा तिची बोटं ब्रेलच्या त्याच ओळीवरून दोनदा फिरली.

"काय झालं? बदलायचंय?"

"नाही. चांगलं झालंय ना?"

"फार चांगलं झालंय, कले."

"माझं पहिलंच आहे." तिनं कागद जुळवले. "आक्का, आजपर्यंत मला जे मिळालं ना, ते कुणीतरी दया करून दिलं. शाळा, नोकरी, एसटीतली सीटसुद्धा. हे एकच असं आहे की ते माझं आहे, आणि ते का माझं आहे हे मला सांगता येतंय."

रविवारी सकाळी अकराला कार्यकारिणीची सभा होती. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. कलावती नवी वाटावी अशी निळी साडी नेसून आली होती. तिला आत जाऊन स्वतः मुद्दे मांडायचे होते. अध्यक्ष नेजकर काका जिन्यातच भेटले. सुताचे जुने व्यापारी, सत्तरीचे, बोलायला गोड. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सभेत कार्यकारिणीबाहेरच्या कुणाला बसवता येत नाही बाळ, नियमच आहे. तुझं काय म्हणणं असेल ते बिरनाळे बाईंच्याकडं दे. त्या मांडतील."

"सगळं लिहून दिलंय त्यांच्याकडं," ती म्हणाली. मग माझ्याकडं तोंड करून, "आक्का, सावकाश वाचा हां. चौथ्या मुद्द्यानंतर जरा थांबा. त्यांना विचार करायला वेळ द्या."

मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. उत्तराचं बंद पाकीट माझ्या हातात होतं. मी आत गेले.

पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा ती त्याच जागी, त्याच पोझमध्ये बसली होती. पाठ ताठ. माझी चप्पल तिनं ओळखली.

"वाचलं?"

"वाचलं."

"मग?"

"नाही मानलं त्यांनी. माफीपत्र पाठवायचं ठरलं. आणि विभाग बंद करायचा."

मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "पहिल्या मुद्द्यावर काय म्हणाले?"

"काय म्हणजे?"

"कलमावर. वकील होते ना आत, हेरवाडे वकील? ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले..." मी बाकावर तिच्या शेजारी बसले. "ते म्हणाले, ते कलम ब्रेलपुरतं आहे. आवाजाला लागत नाही."

"असं कसं? त्यात 'वाचता येईल अशा कुठल्याही रूपात' असा अर्थ आहे. मी लिहिलं होतं की."

"मी तेही वाचलं."

"मग?"

"म्हणाले, अर्थ कोर्ट लावतं. आपण नाही."

"हं." तिची बोटं काठीच्या मुठीवर फिरत होती, ब्रेल शोधत असल्यासारखी. "आणि पाचवा? दाराचा?"

मी खाली रस्त्याकडं बघत होते. एक हातगाडीवाला सुताची बाचकी ढकलत चालला होता. मला ते वाक्य कुठून सुचलं कुणास ठाऊक.

"म्हणाले, प्रकाशक पुण्यात बसलाय. एक कार्ड टाकून विचारता आलं असतं. जिथं विचारणं शक्य असतं तिथं विचारायलाच पाहिजे. न विचारता घेतलं की ते घेणं चूकच."

तिची बोटं मुठीवर थांबली. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "म्हणजे शक्य असेल तर विचारायचं. हे मला दिसलंच नाही."

"कले..."

"नाही, बरोबर आहे. मी फक्त माझ्या बाजूनं वाचलं. वकिलानं दोन्ही बाजूंनी वाचायचं असतंय."

तिनं पर्स उघडली. आतून मी भरून दिलेलं बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड काढलं, कागदात गुंडाळलेलं. त्यात अकरा प्रकरणं होती. हात पुढं केला.

"राहू दे तुझ्याकडं," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय? परीक्षेपुरतं तरी..."

"असं कसं राहू दे? तुम्ही माझं सगळं म्हणणं वाचलं. पाच-सहा शहाण्या माणसांनी ते ऐकलं. आणि नाही म्हणाले. मग ते माझ्याकडं राहिलं तर ती चोरी नाही का?"

मी कार्ड घेतलं.

तिला जिन्यावरून खाली सोडलं, रिक्षात बसवलं. मग वर आले, मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. आणि पाकीट उघडलं. त्याची कड मी तोवर फाडलीसुद्धा नव्हती.

आत काय झालं होतं ते आता सांगते.

आत काहीच झालं नव्हतं. मी गेले तेव्हा सभेचे इतर विषय चालू होते. मी दाराशी उभी राहिले, नऊ वर्षं राहत होते तशी. नेजकर काकांनी बघितलं आणि म्हणाले, "अहो बाई, उभ्या का? बसा, बसा. चहा द्या यांना." शेजारची खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. कार्यकारिणीच्या टेबलाला मी पहिल्यांदाच बसत होते. हेरवाडे वकिलांनी नोटीस वर करून विचारलं, "परवानगी घेतली होती का?" मी म्हटलं, "नाही." "मग संपलं," ते म्हणाले. त्यांना ते कलम माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दिवाणी दावे बघणारा साधा माणूस तो. त्याच्यापुढं ते दोन कागद ठेवले असते, तर तो चष्मा लावून वाचणारा होता.

मग नेजकर काका म्हणाले, "पत्र असं करू. बाईंनी हे स्वतःच्या हौसेनं केलं, संस्थेला कल्पना नव्हती. बाईंवर काही येणार नाही, ती जबाबदारी माझी. आणि जूनमध्ये यांना कायम करायचा ठराव आणायचाय आपल्याला, लक्षात ठेवा सगळ्यांनी." सगळ्यांनी माना हलवल्या. संस्थेला कल्पना नव्हती, हे खोटं होतं. विभाग त्यांच्याच ठरावानं सुरू झाला होता. ठरावाचं पुस्तक त्याच टेबलावर होतं.

"तुम्हाला काही म्हणायचंय का बाई?" त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं. थांबलेसुद्धा. सगळे माझ्याकडं बघत होते. पाकीट माझ्या मांडीवर, टेबलाच्या खाली होतं.

मी म्हटलं, "नाही."

आणि माफीपत्रावर सही केली.

नोकरीची भीती होती, हे खरं. माझे मिस्टर दोन वर्षं घरी बसले होते, त्यांचा कारखाना बंद पडला होता. पण मला नीट आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात ते नव्हतं. त्या क्षणी माझ्या हातात चहाचा कप होता, लोक माझ्याशी चांगलं वागत होते, आणि मला ते मोडायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुढं खूप शोधलं. सापडलं नाही.

सोमवारी मी संगणकावरून सगळी पुस्तकं काढून टाकली. त्या एका पुस्तकाची नोटीस होती, पण कार्यकारिणी म्हणाली, उगाच उद्या दुसरा कुणी यायला नको. सहा वर्षांचं वाचन होतं. पुसायला अर्धा तास लागला नाही. एकतीस सभासदांना मी एकेक करून फोन केले. बहुतेकांनी 'बरं' म्हटलं. त्यांना 'बरं' म्हणायची सवय असते. अब्दुललाटचे एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांनी तेवढं विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

गोणपाट काढून त्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी टेबलं टाकली. जूनमध्ये मी कायम झाले. त्या प्रकाशकाकडून पुढं एक ओळही आली नाही. माफीपत्र पोचल्याचंसुद्धा कळवलं नाही त्यानं. दोन पानी उत्तर गेलं असतं, तरी बहुधा असंच झालं असतं.

कलावतीनं मार्चमध्ये परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मी तिच्या घरी गेले होते. आई कांड्या भरत होती, चरख्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी म्हणाले, "मी घरी येऊन वाचत जाईन, समोर बसून. त्याला तर कुणाची हरकत नाही. तू परीक्षा दे."

ती म्हणाली, "पुस्तकाचं नाही आक्का. मी चार दिवस जीव ओतून लिहिलं आणि त्यात इतकं साधं भोक राहिलं. ते मला दिसलं नाही, एका सभेतल्या लोकांना दिसलं. मला ते डोकंच नाही. बरं झालं, लवकर कळलं."

"असं नसतंय गं. लोक चुकतात. वकील चुकला असेल."

"एकटा वकील चुकेल. सगळेच कसे चुकतील? कुणीतरी एकानं तरी माझ्या बाजूनं म्हटलं असतं की."

माझ्या तोंडाशी आलं होतं. चरख्याचा आवाज थांबला की बोलू, असं वाटलं. तिची आई उठून आत गेली, चहा घेऊन आली, आणि मी चहा पिऊन घरी आले.

त्यानंतर आमचं जाणं-येणं राहिलं नाही. मी टाळत होते, हे तिला कळलं असेल की नाही, माहीत नाही. ती कधीतरी बसस्टँडवर दिसायची. मी हाक मारली नाही, आणि तिला मी दिसत नव्हते. याचा मी फायदा घेतला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. भाचीच्या दाखल्याचं काम होतं म्हणून त्या कॉलेजात फोन लावला. ऑफिसचा नंबर लागेना, बोर्डाचा लागला. तीच अजून तिथं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नमस्कार, बोला."

मी म्हणाले, "ऑफिसला जोडता का?"

तिनं जोडलं नाही. "आक्का?"

मग ती बोलतच राहिली. आनंदानं. आई गेली, वडील आहेत, गुडघे दुखतात, बोर्ड आता नावालाच आहे, दिवसाला दहा फोन येत नाहीत. "पण दुसरं काम लागलंय मला," ती म्हणाली. "कॉलेजात अंध मुलं येतात आता. पाच-सहा आहेत. प्रिन्सिपॉल त्यांना माझ्याकडं पाठवतात, काय हवं-नको बघायला. गेल्या वर्षी एक मुलगी आली, बी.ए.ची. मैत्रिणी तिला पुस्तकं वाचून मोबाइलमध्ये भरून देत होत्या. मी थांबवलं."

"का?"

"का म्हणजे? आपलं काय झालं होतं, विसरलात? उद्या त्या पोरींना नोटीस यायची. मी म्हटलं, आधी प्रकाशकाला पत्र लिहा, विचारा. विचारणं शक्य असताना न विचारता घेणं चूकच. लिहिलंय तिनं पत्र. मीच सांगितलं काय लिहायचं ते. अगदी नम्रपणानं."

"मग? आलं उत्तर?"

"नाही अजून. सात महिने झाले. येईल की." मग जरा थांबून, "तिचं वर्ष गेलं तेवढं. पण आपली बाजू स्वच्छ पाहिजे ना आक्का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला दहा वर्षं पाठ होतं.

"आक्का? आहात का?"

"आहे."

"तुम्ही त्या वेळी मला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, म्हणून कळलं. नाहीतर लोक आमच्यासारख्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं सांगतात." तिकडं दुसरी घंटी वाजली. "थांबा हं, दुसरा फोन आलाय. ऑफिसला जोडून देते."

खटकन आवाज झाला. मग एक पुरुषाचा आवाज आला, "ऑफिस. बोला."

मी दाखल्याचं विचारलं.